मांजर जेवतंय, तरी दात दुखत असू शकतो: ठमीचा अनुभव आणि काही प्रश्न

रानजाई

नमस्कार मंडळी.

आमची ठमी आठ वर्षांची आहे. परवा तिची एक दाढ काढायची आहे, कदाचित दोन. भीती वाटतेय म्हणून धागा काढतेच आहे, पण खरं कारण दुसरं आहे. तिला दुखतंय हे कळायला मला तीन महिने लागले, आणि त्या तीन महिन्यांत ती रोज दोन्ही वेळा माझ्या डोळ्यांसमोर जेवत होती.

"पण डॉक्टर, ती जेवते हो," हे मी तपासणीच्या टेबलापाशी उभं राहून तीनदा म्हणाले. डॉक्टरांनी काही न बोलता तिचा डावा ओठ बोटाने वर केला. खालच्या सुळ्यामागच्या पहिल्या दाढेवर हिरडी चढली होती, लालभडक, रासबेरीच्या एका दाण्याएवढी. आठ वर्षांत मी तिचा ओठ एकदाही उचलून पाहिला नव्हता.

आता मागे वळून पाहिलं की सगळं दिसतं. सुरुवातीला ड्राय फूडचे दाणे वाटीबाहेर पडायला लागले. मला वाटलं वाटी लहान पडतेय, मोठी आणली. मग ती मान एका बाजूला कलती करून चावायला लागली. मग वाटीकडे धावत यायची, वास घ्यायची, एक घास घ्यायची आणि वाटीवरच फिस्कारून पळून जायची, वाटीतलं काहीतरी तिला चावल्यासारखी. मी दोनदा खाणं बदललं. पाठीवरच्या केसांच्या गुठळ्या व्हायला लागल्या, कारण ती स्वतःला चाटेनाशी झाली होती. मी म्हटलं, वय झालं. हनुवटीखाली खाजवलेलं तिला फार आवडायचं, ते नको झालं. हेही मी वयावरच ढकललं.

शेवटी एका संध्याकाळी तिने जांभई दिली आणि जबडा मिटताना दात टकटक वाजले. थंडीत आपले वाजतात तसे, पण दोन सेकंदच. पुढच्या पंजाकडे पाहिलं तर तो ओला होता आणि ओल तपकिरी होती. लाळेतलं रक्त. तेव्हा उठले.

निदान टूथ रिसॉर्प्शन. दात आतल्या आत विरघळत जातो म्हणे. प्रश्न तीन: या वयात भूल झेपेल का? डॉक्टर दातांचा एक्स-रे हवाच म्हणतात, तो खरंच लागतो का? आणि दाढ गेल्यावर ती खाणार कशी?

साकव

रानजाई, स्वतःला बोल लावू नकोस. आमच्या बोक्याचंही असंच. दाणे सांडत नव्हते, उलट तो न चावता गिळायला लागला होता आणि जेवल्यावर पाच मिनिटांत आख्खे दाणे उलटीतून बाहेर. आम्ही महिनाभर पोटाची औषधं देत बसलो. पोटात काही नव्हतंच, तोंडात होतं.

गवतफुला

मी प्राण्यांची डॉक्टर आहे, मांजरंच जास्त बघते. जरा सविस्तर लिहिते.

"जेवते हो" हे वाक्य मी रोज ऐकते. मांजर दातदुखीने सहसा जेवण सोडत नाही. भूक ही दुखण्यापेक्षा मोठी असते, त्यामुळे ते दुसऱ्या बाजूने चावतं, गिळतं, मऊ तेवढंच खातं, पण खातं. जेवण पूर्ण सुटेपर्यंत बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त दात गेलेले असतात. म्हणून खातं का, यापेक्षा *कसं* खातं ते बघायचं. तू लिहिलेलं एकेक लक्षण पाठ्यपुस्तकातलं आहे, विशेषतः वाटीवर फिस्कारणं. दुखलं तेव्हा समोर वाटी होती, म्हणून राग वाटीवर.

आता टूथ रिसॉर्प्शन. ही माणसासारखी कीड नव्हे. मांजरांना आपल्यासारखी दातकीड जवळजवळ होतच नाही. दुधाचे दात पडताना त्यांची मुळं विरघळवणाऱ्या ज्या पेशी असतात, त्याच प्रकारच्या पेशी मोठेपणी कायमच्या दातावर काम करायला लागतात आणि त्याला खड्डे पाडतात. त्या का जाग्या होतात, याचं ठोस उत्तर अजून कुणाकडे नाही. त्यामुळे "मी ब्रश केला असता तर" हा विचार या आजारापुरता सोडून दे. खड्डा हिरडीच्या कडेशी उघडा पडला की आतली नस उघडी पडते. टोकदार उपकरण नुसतं टेकवलं तरी जबडा थरथरतो, कधीकधी मांजर भुलीत असतानाही. ती टकटक म्हणजे हेच. खालच्या सुळ्यामागची पहिली दाढ ही याची सगळ्यांत आवडती जागा. हा दात भरून वाचत नाही. सिमेंट घालण्याचे प्रयत्न पूर्वी झाले, पण खाली दात विरघळतच राहतो.

एक्स-रे हवाच, यात तडजोड नको. काही दातांत मूळ शाबूत असतं आणि ते अख्खं काढावं लागतं. काहींत मूळ विरघळून जबड्याच्या हाडात मिसळून गेलेलं असतं. ते खणून काढायला गेलं तर हाड मोडायची भीती, म्हणून तिथे फक्त वरचा भाग कापून हिरडी शिवतात. कुठल्या दाताला काय करायचं ते वरून बघून कळत नाही. शाबूत मुळाचा तुकडा आत राहिला तर दुखणं आणि पू, दोन्ही चालू राहतात. शिवाय एक दात सापडला की बाकीच्यांचेही एक्स-रे काढायचेच, कारण हिरडीखालचं डोळ्यांना दिसत नाही.

भुलीबद्दल: आठ हे काही फार वय नव्हे. आम्ही वयापेक्षा किडनी, हृदय, साखर आणि थायरॉइडकडे बघतो. आधी रक्त तपासणी होईल. भुलीत श्वासनलिकेत नळी असेल, सलाईन असेल, अंगाखाली ऊब असेल, कारण मांजरं भुलीत पटकन गार पडतात. जबड्याच्या नसेला वेगळं इंजेक्शन देऊन तो भाग बधिर करतात, म्हणजे भूल हलकी ठेवता येते. हे सगळं त्यांना मोकळेपणाने विचार. आणखी एक विचारून ठेव: तोंड उघडं ठेवायला स्प्रिंगचा चिमटा वापरत नाहीत ना. जबडा फार ताणला गेला तर मेंदूकडे आणि डोळ्यांकडे जाणारं रक्त अडतं, आणि त्यातून मांजरांना अंधत्व आल्याची उदाहरणं आहेत. म्हणून आता तो टाळतात.

खाण्याची अजिबात चिंता करू नकोस. मांजर आपल्यासारखं रवंथ केल्यागत चघळत नाही, तिचा जबडा कात्रीसारखा फक्त वरखाली चालतो, म्हणून एक-दोन दाढा गेल्याने तिचं अडत नाही.

वाटसरू

माहितीपूर्ण धागा. एक शंका: ड्राय फूडने दात आपोआप घासले जातात असं ऐकलंय, मग ते खाणाऱ्या मांजराला त्रास कसा?

गवतफुला

वाटसरू, साधा दाणा दाताचं टोक लागताच फुटतो, हिरडीच्या कडेपर्यंत पोचतच नाही. म्हणजे बिस्किट खाऊन दात घासल्यासारखं. दातांसाठी खास बनवलेले दाणे वेगळे असतात, आकाराने मोठे आणि तंतुमय, दात आत रुतेपर्यंत न फुटणारे. त्यांचा थोडा उपयोग होतो. पाकिटावर व्हीओएचसी, म्हणजे व्हेटर्नरी ओरल हेल्थ कौन्सिल, ही मोहोर असेल तर कीटण कमी होत असल्याची चाचणी झालेली असते. पण हिरडीखाली झालेला आजार यातलं काहीच बरा करत नाही.

पारवा

आमच्याकडे घरी येऊन भूल न देता दात साफ करून देणारे एक जण आहेत. दहा मिनिटांत दात पांढरेशुभ्र. एवढा खटाटोप करण्याआधी ते करून बघायला काय हरकत आहे? आणि दुखण्यावर लवंगेचं तेल कापसाने लावा, माझ्या दाढेला नेहमी लागू पडतं.

गवतफुला

पारवा, तुम्ही काळजीने लिहिलंय हे कळतं, पण दोन्ही नको. कृपया कुणीही करू नका.

लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं. अशा पदार्थांचा निचरा करणारी लिव्हरमधली यंत्रणा मांजरात फार तोकडी असते. आपल्याला औषध, तिला विष. हीच गोष्ट पॅरासिटामॉलची, आणि ती जास्त भयंकर. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. हिरड्या निळसर-तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. चुकून दिली गेली असेल तर वाट बघत बसू नका, त्याच मिनिटाला दवाखाना गाठा. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन हीसुद्धा घरच्या डब्यातून द्यायची नाहीत. मांजरांसाठी वेदनाशामकं आहेत आणि चांगली आहेत, पण मात्रा वजनावर आणि किडनीवर ठरते.

भुलीशिवाय साफसफाईचं म्हणाल तर दिसणारा भाग पांढरा होतो एवढंच. आजार असतो हिरडीखाली, आणि जाग्या मांजराच्या हिरडीखाली कुणीही जाऊ शकत नाही. मालकाला वाटतं तोंड स्वच्छ झालं, आणि मूळ दुखणं आणखी वर्षभर झाकलं जातं. घट्ट धरून ठेवलेल्या मांजराला त्या दहा मिनिटांत काय वाटत असेल तेही बघा.

पारवा

हे माहीत नव्हतं. तेलाची बाटली वरच्या फडताळात ठेवली. धन्यवाद.

मोरपीस

मी आमच्या काळूबद्दल लिहू का? त्याचं दुखणं दाढेचं नव्हतं, तोंडाच्या अगदी मागच्या भागाचं होतं.

काळू चार वर्षांचा होता. लाळ इतकी गळायची की छातीवरचे केस चिकटून कडक झाले होते. तोंडाला असा वास की तो खोलीत आला की कळायचं. भूक असायची, वाटीपाशी बसून राहायचा, नुसता बघत. एकदा मी पातळ केलेलं खाणं बोटावर धरलं. त्याने चाटलं आणि ओरडला. मांजराचा तसा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

पहिल्या ठिकाणी अँटिबायोटिक दिलं. आठ दिवस बरं, पुन्हा तेच. मग स्टेरॉइडचं इंजेक्शन. तीन आठवडे मांजर नवं झाल्यासारखं, मग पुन्हा तेच. असं वर्षभर. दर वेळी बरं वाटण्याचे दिवस कमी होत गेले. दातांकडे बघायला हवं, हे त्या वर्षभरात आम्हाला कुणीच म्हणालं नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, क्रॉनिक जिंजिवोस्टोमाटायटिस. दातांवर बसणाऱ्या जंतूंच्या थराला शरीर अवाच्या सवा उत्तर देतं आणि घशाजवळचा भाग सोलून निघाल्यासारखा लाल होतो. कॅलिसिव्हायरस या मांजरांच्या सर्दीच्या विषाणूचा त्यात हात असतो म्हणाले. एफआयव्ही आणि एफईएलव्ही या मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणाऱ्या दोन विषाणूंची तपासणी केली, दोन्ही नव्हते. उपाय एकच सांगितला: दाढा सगळ्या काढायच्या. मी घरी येऊन रडले. दात नसलेलं मांजर ही कल्पनाच सहन होत नव्हती.

काढल्या. मागच्या सगळ्या दाढा, दोन टप्प्यांत. सुळे राहिले.

लगेच जादू झाली नाही, हे मुद्दाम सांगते, कारण त्या काळात मला कुणी सांगायला हवं होतं. तीन महिने औषधं चालू होती आणि मला वाटत होतं आपण फसलो. चौथ्या महिन्यात एका सकाळी तो खिडकीत बसून स्वतःची छाती चाटत होता. दीड वर्षात पहिल्यांदा. मी चहा ठेवून बघतच राहिले. आता सात वर्षांचा आहे, औषध नाही.

गवतफुला

मोरपीस, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. या आजारात दात काढल्यावर साधारण ६० ते ८० टक्के मांजरं पूर्ण बरी होतात किंवा खूपच सुधारतात, आणि त्याला काही महिने लागू शकतात. उरलेल्यांना औषधांचा आधार लागतो. नुसतं अँटिबायोटिक, पुन्हा अँटिबायोटिक, हे चक्र तोंडाच्या कुठल्याही जुनाट आजारात मला पटत नाही. कारण जागेवरच राहतं.

तांबूस

आमचं पिल्लू पाच महिन्यांचं आहे. काल गादीवर तांदळाच्या दाण्याएवढा दात सापडला! तोंडाला थोडं रक्तही होतं. घाबरायचं का?

साकव

नाही गं, दुधाचा दात. २६ असतात, साडेतीन-चार महिन्यांपासून पडायला लागतात. सहा-सात महिन्यांपर्यंत ३० कायमचे येतात. बहुतेक तर गिळूनच टाकतात, तुला सापडला म्हणजे नशीब. सुळ्यांकडे मात्र लक्ष ठेव. जुना न पडता नवा शेजारी उगवला आणि दोन्ही राहिले तर डॉक्टरांना दाखव.

आणि आत्तापासूनच ब्रशची सवय लाव. मी आमच्या दुसऱ्या मांजरीला लावली. पहिले दहा दिवस ब्रश आणलाच नाही. मांडीवर घेऊन गाल चोळायचा, ओठ एक क्षण उचलायचा, सोडायचा, खाऊ. मग बोटाला मांजरांची पेस्ट लावून चाटायला द्यायची. मग बोट दातांवरून. मग अगदी लहान, मऊ ब्रश, हिरडीच्या कडेशी तिरका धरून. तोंड उघडायची गरज नाही, बाहेरची बाजूच घासायची, आतली जीभ बघून घेते. आम्ही एका बाजूला पंधरा सेकंदांवर कधी गेलो नाही. आपली पेस्ट चालत नाही, ती थुंकायची असते आणि मांजर गिळतं. रोज झालं तर उत्तम, कारण थर दोन-तीन दिवसांतच कडक व्हायला लागतो आणि मग ब्रशने निघत नाही.

गवतफुला

+१. फक्त एक: ज्या मांजराची हिरडी आधीच लाल आहे किंवा दात दुखतोय, तिथे ब्रश सुरू करू नका. आधी इलाज. नाहीतर ब्रश म्हणजे दुखणं हे तिच्या डोक्यात कायमचं बसतं.

रानजाई

झालं. ठमी घरी आहे.

सकाळी सोडली, संध्याकाळी आणली. एक्स-रेत दोन दाढा निघाल्या. डावीकडची दिसत होती ती, आणि उजवीकडे बरोबर तिच्या समोरची, जी बाहेरून पूर्ण ठीक होती. डाव्या दाढेची मुळं शाबूत, ती अख्खी काढली. उजवीचं मूळ हाडात मिसळून गेलं होतं, तिथे वरचा भाग कापून शिवलं. गवतफुला, तू लिहिलं होतंस ते दोन्ही प्रकार एकाच तोंडात. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. चांगल्या दाढेत मुळाभोवती एक बारीक काळी रेघ असते, ती तिथे नव्हतीच. मी एक्स-रे नको म्हणाले असते तर उजवी राहूनच गेली असती.

पहिली रात्र कठीण. भुलीमुळे डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, चालताना मागचे पाय घसरत होते. मी जमिनीवरच अंथरूण घातलं. रात्री अकराला दोन चमचे वेट फूड कोमट पाण्यात कालवून ठेवलं, चाटून साफ केलं. दुखण्याचं औषध पाच दिवस दिलंय, टाके आपोआप विरघळतात. दोन आठवडे मऊ खाणं.

गवतफुला

छान. लक्ष एवढंच ठेव: पूर्ण दिवसभर काहीच खाल्लं नाही तर फोन कर, दोन दिवस थांबू नकोस. मांजर उपाशी राहिलं की लिव्हरमध्ये चरबी साठायला लागते, ते वेगळंच संकट. चेहरा सुजला, लाळ पुन्हा गळायला लागली किंवा शिवण उसवल्यासारखी दिसली तर दाखव. वर्षातून एकदा तरी तोंड तपासून घे, कारण ज्या मांजराचा एक दात असा जातो, तिचे आणखी जाण्याची शक्यता असते.

रानजाई

सोळावा दिवस. काल डॉक्टरांनी टाके बघितले, जखम भरली आहे. ड्राय फूड द्यायला परवानगी मिळाली.

रात्री दाणे टाकले आणि ती खात असताना मी शेजारी बसून होते. मान सरळ. दोन्ही बाजूंनी कुरुम कुरुम. एकही दाणा बाहेर पडला नाही. जेवून झाल्यावर माझ्या मांडीवर आली, हनुवटी वर केली आणि तशीच थांबली. किती महिन्यांनी. मी खाजवत राहिले, ती डोळे मिटून लाळ न गाळता घुरघुरत राहिली.

शिंपला

हा धागा वाचून आत्ता आमच्या बोक्याचा ओठ उचलून पाहिला. अकरा वर्षांचा आहे. उजव्या बाजूला वर सुळ्याचं टोक तुटलंय, अगदी थोडंसं, मध्ये एक काळा ठिपका दिसतो. केव्हा तुटलं माहीत नाही. जेवतो नीट. डोळ्याखाली त्याच बाजूला जरा फुगल्यासारखं वाटतंय, की माझाच भास?

गवतफुला

शिंपला, भास धरून चालू नका. मांजराच्या सुळ्यातली नस जवळजवळ टोकापर्यंत आलेली असते, त्यामुळे थोडंसं तुटलं तरी ती उघडी पडते. काळा ठिपका बहुधा तोच. तिथून जंतू आत जातात, मुळाशी पू होतो आणि तो डोळ्याखाली फुगतो. या वयात एका बाजूची सूज म्हटली की गाठ नाही ना हेही तपासावं लागतं, म्हणून आणखीच उशीर नको. उद्याच दाखवा. दातांचा एक्स-रे काढतात का, हे वेळ घेतानाच विचारा. तोवर मऊ खाणं द्या, आणि घरातली कुठलीही गोळी नाही.

शिंपला

उद्या सकाळी साडेनऊची वेळ मिळाली. एक्स-रे आहे म्हणाले. कॅरियर आत्ताच काढून त्याच्या चादरीशेजारी ठेवला.